दोन महिन्यांच्या आंब्यासाठी बारा महिन्यांची बॅटरी

आमच्या वाडीतल्या एका टेम्पोवाल्याने दोन वर्षांपूर्वी विजेवर चालणारी छोटी गाडी घेतली. छोट्या हत्तीच्या मापाची. जेट्टीवर बर्फ, बाजारातून खत, कुणाच्या घराची फरशी, कुणाच्या लग्नाचं मंडपाचं सामान, असं दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर फिरून तो संध्याकाळी गाडी पडवीला लावतो आणि रात्री वायर जोडून झोपतो. डिझेल नाही, ऑइल नाही, सकाळी गाडी भरलेली. त्याच्या तोंडून या गाडीबद्दल वावगा शब्द मी ऐकलेला नाही. पण होळी झाली, पहिल्या तोडीच्या पेट्या भरायला लागल्या की हाच माणूस वाशीचं भाडं घेताना दुसऱ्याची डिझेल गाडी शोधतो. मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "काका, गाडी वाईट नाय. पण रातच्याला पेट्या भरून काट्याकडं बगत बसाया जमत नाय."

बॅटरीच्या त्या 'काट्या'त सगळा प्रश्न आला. रत्नागिरीहून वाशी सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर. माल संध्याकाळी निघतो आणि पहाटे बाजारात लागावा लागतो. वाटेतला एखादा चार्जर बंद असला, किंवा चालू असून त्याला दोन मोटारी अगोदरच चिकटलेल्या असल्या, तर पिकत आलेला आंबा आणि तापलेला व्यापारी दोन्ही सांभाळायचे कुणी? बरं, यावर लोक सुचवतात तो उपाय म्हणजे मोठी बॅटरी घ्या. म्हणजे दोन महिन्यांच्या हंगामासाठी वर्षभर जडशीळ बॅटरी वाहायची आणि तिचा हप्ता भरायचा.

माझं म्हणणं असं की कोकणातल्या मालवाहतुकीसाठी तिसरी वाट आहे. बॅटरी रोजच्या कामापुरती, आणि लांबच्या वाटेसाठी गाडीतच एक छोटं इंजिन, जे चाकं फिरवत नाही, फक्त वीज तयार करतं. याला रेंज एक्स्टेंडर म्हणतात. (अमेरिकेत पेट्रोलला 'गॅस' म्हणायची रीत आहे, त्यामुळे तिकडच्या बातम्यांत 'गॅसवर चालणारा रेंज एक्स्टेंडर' वाचलं की आपल्या डोळ्यांसमोर सीएनजी पंपावरची रांग येते. तसं काही नाही. इंजिन पेट्रोलचं, डिझेलचं, सीएनजीचं, कशाचंही चालेल.) मी पुढे त्याला सरळ जनरेटर म्हणणार आहे, कारण तो तोच आहे. आणि माझी तक्रार अशी की आपल्याकडच्या करांच्या आणि अनुदानांच्या व्याख्येत अशा गाडीला 'विजेची गाडी' म्हणून जागाच नाही.

यात नवीन काय, असं कोकणातल्या माणसाने तरी विचारू नये. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण सुरू झाली आणि २०२२ मध्ये तिचं विद्युतीकरण संपलं. मधली जवळजवळ पाव शतकं आपण ज्या डिझेल इंजिनांच्या मागे बसून मुंबईला गेलो, त्यांतलं डिझेल चाकाला जोडलेलंच नव्हतं. डिझेल इंजिन अल्टरनेटर फिरवायचं, अल्टरनेटरची वीज चाकांजवळच्या मोटारींना जायची, आणि गाडी ओढायच्या त्या मोटारी. हजारो टनांची गाडी जागेवरून हलवायला जो जोर लागतो तो मोटार शून्य वेगापासून देते. इंजिनाला तो द्यायचा तर मध्ये क्लच आणि गिअरबॉक्स हवा, आणि तेवढ्या ताकदीचा क्लच टिकवणं म्हणजे डोकेदुखी. म्हणून जगभर डिझेल इंजिनं बहुतांश अशीच बांधली गेली. रेल्वेच्या या मांडणीत एक भली मोठी बॅटरी आणि चार्जिंगची वायर घातली की झाला रेंज एक्स्टेंडरवाला ट्रक. रस्त्यावरच्या गाडीत हा प्रयोगसुद्धा जुनाच. फर्डिनंड पोर्शेने १९०० साली पेट्रोल इंजिनाने जनरेटर फिरवून चाकातल्या मोटारी चालवणारी गाडी बनवली होती.

बॅटरी मध्ये आल्याने मात्र एक मोठा फरक पडतो. रेल्वेच्या इंजिनाला जेवढी ताकद त्या क्षणी हवी तेवढीच त्या क्षणी तयार करावी लागते. चढ आला की डिझेल गरजायला लागतं. बॅटरीवाल्या ट्रकात इंजिनाला चढ कळतच नाही. ते आपलं एका ठरावीक फेऱ्यांवर, जिथे ते लिटरमागे सर्वांत जास्त काम देतं तिथे, संथपणे चालत राहतं. कमी-जास्त सांभाळते ती बॅटरी. आपल्या घरावरच्या टाकीसारखं. अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप तासभर हळूहळू टाकी भरतो, म्हणून सकाळी चार नळ एकदम सोडले तरी धार बारीक होत नाही.

आकडे मांडल्याशिवाय हे पटणार नाही, म्हणून एक ढोबळ हिशेब करतो. मालासकट सात टनांचा टेम्पो धरा. सपाट रस्त्यावर ताशी साठने जाताना टायरचं आणि वाऱ्याचं ओढणं मिळून त्याला साधारण बावीस किलोवॉट लागतात. आता तोच टेम्पो मासळी आणि बर्फ भरून रत्नागिरी-कोल्हापूर रस्त्यावरचा आंबा घाट चढतोय. सह्याद्रीच्या घाटाची उंची पाचशे-सहाशे मीटर असते. आपण सहाशे धरू. सात हजार किलो गुणिले ९.८ गुणिले ६०० म्हणजे चार कोटी ज्यूलच्या वर. वीजबिलातलं एक युनिट छत्तीस लाख ज्यूलचं असतं, तेव्हा नुसती उंची गाठायलाच साडेअकरा युनिटं गेली. बारा किलोमीटरचा घाट ताशी तीसने चढला, म्हणजे चोवीस मिनिटं, तर मोटारीला सरासरी चाळीस किलोवॉटच्या आसपास, आणि अवघड वळणाच्या चढावर पंचेचाळीसच्या वर लागतील. मग जनरेटर केवढा हवा? पंचेचाळीसचा? नाही. तीसचा पुरे. चोवीस मिनिटांत तो बारा युनिटं देईल, उरलेली चार-पाच बॅटरीतून येतील. मलकापूरकडे रस्ता जरा सपाट झाला की जनरेटर ती भरून काढेल.

ताकद घाटासाठी असते, इंजिन सरासरीसाठी. साध्या डिझेल टेम्पोत मात्र इंजिन घाटाच्या मापाचंच घ्यावं लागतं, आणि मग ते उरलेला सगळा दिवस पोटभर काम नसलेल्या पैलवानासारखं नुसतं खात बसतं.

उताराचा हिशेब त्याहून गमतीचा. साखरप्याकडे उतरताना ब्रेक लायनरचा तो करपट वास ज्याने घेतला नाही असा कोकणातला प्रवासी नाही. तो वास म्हणजे चढताना कमावलेली उंची चाकांत जाळून टाकल्याचा. विजेची मोटार उताराला उलट जनरेटर बनते; साडेअकरातली सहा-सात युनिटं परत मिळू शकतात आणि लायनर थंड राहतात. फक्त एक पथ्य. घाटमाथ्यावर बॅटरी गच्च भरलेली असली तर परत आलेली वीज ठेवायला जागा नसते. घाटमाथ्यावरच्या आंबा गावात चहा पिताना चार्जिंग लावून शंभर टक्के करणारा ड्रायव्हर स्वतःचंच नुकसान करतो. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात एडिसन मोटर्स नावाची कंपनी लाकडाचे ओंडके वाहणाऱ्या ट्रकांसाठी हीच डिझेल-जनरेटर-बॅटरी मांडणी करते. तिथे निसर्ग मदतीला आहे: ट्रक डोंगरावर रिकामा चढतो आणि भरलेला उतरतो, म्हणजे उताराला मिळकत जास्त. आपलं नशीब उलटं. मासळी आणि आंबा घाट चढतात. खाली येताना गूळ, भाजी, साखर येते म्हणून, नाहीतर गाडी रिकामीच उतरायची.

आता वजनाकडे येऊ, कारण ट्रकमालकाला युनिटांपेक्षा किलो लवकर कळतात. वाशीची एक खेप या टेम्पोला दीडशे युनिटांच्या आसपास पडेल. काठोकाठ नको म्हणून एकशेऐंशी युनिटांची बॅटरी घ्यावी तर आजच्या लोह-फॉस्फेट बॅटरीचं वजन बाराशे किलोच्या घरात जातं. त्याऐवजी साठ युनिटांची बॅटरी घेतली तर चारशे किलो, वर जनरेटर, टाकी, सायलेन्सर मिळून दोनशे-अडीचशे. पाच-सहाशे किलोंची बचत. लाकडी पेटी वीस किलोची धरा. प्रत्येक खेपेला पंचवीस-तीस पेट्या जास्त जातात. आणि जून ते फेब्रुवारी जेव्हा हा टेम्पो दिवसाला ऐंशी किलोमीटरच फिरतो, तेव्हा साठ युनिटं त्याला पुरून उरतात. जनरेटरला त्या महिन्यांत हात लावायचं कारण नाही.

अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या याच वाटेने वळल्या आहेत, फक्त त्यांचा घाट वेगळा. तिथले लोक पिकअपच्या मागे बोट, घोड्यांचा ट्रेलर, चाकांवरचं घर असलं काय काय ओढतात, आणि ओढायला लागलं की विजेच्या पिकअपची रेंज निम्म्यावर येते. रॅम कंपनीने २०२३ मध्ये दाखवलेल्या पिकअपात ९२ युनिटांची बॅटरी, ३.६ लिटरचं व्ही-सिक्स पेट्रोल इंजिन आणि त्याने फिरणारा १३० किलोवॉटचा जनरेटर अशी मांडणी होती. दोन्ही मिळून अकराशे किलोमीटरच्या वर रेंजचा दावा. फोर्डने डिसेंबर २०२५ मध्ये आपला निव्वळ विजेचा एफ-१५० लाइटनिंग थांबवून पुढची गाडी जनरेटरवाली करायचं जाहीर केलं. चीनमध्ये ली ऑटो २०१९ पासून अशा मोटारी विकते आहे. मला स्वतःला रॅमचं ते व्ही-सिक्स फारच राजेशाही वाटतं. बीएमडब्ल्यूने २०१३ साली आय-थ्री मोटारीत स्कूटरचं ६४७ सीसीचं इंजिन बसवून तेच काम भागवलं होतं, आणि आपला कल तिकडेच असायला हवा.

त्याच आय-थ्रीची एक कहाणी मला या सगळ्या वादात सर्वांत शिकण्यासारखी वाटते. कॅलिफोर्नियाच्या प्रदूषण मंडळाने जनरेटरवाल्या गाड्यांसाठी २०१२ मध्ये एक वेगळा वर्ग केला. हेतू सरळ होता: लोकांनी आळसाने पेट्रोलवरच गाडी चालवू नये. म्हणून अट अशी की जनरेटरवरची रेंज बॅटरीच्या रेंजपेक्षा जास्त नसावी, आणि बॅटरी जवळपास रिकामी होईपर्यंत जनरेटर सुरूच होऊ नये. पहिल्या अटीपायी अमेरिकेतल्या आय-थ्रीची आधीच छोटी टाकी सॉफ्टवेअरने आणखी छोटी केली गेली. दुसरीचा फटका डोंगरात बसला. बॅटरी संपत आलेली, समोर लांबलचक चढ, आणि स्कूटरचं इंजिन त्या चढाला एकटं पुरत नाही. गाडीचा वेग हायवेवर भसकन उतरायचा, मागून ट्रक येताहेत. लोक कोर्टात गेले. युरोपात विकलेल्या त्याच गाडीत एक बटण होतं: चढ येणार असं दिसलं की जनरेटर आधीच चालू करा, बॅटरी राखून ठेवा. शेव्हरोलेच्या व्होल्ट नावाच्या मोटारीत तर त्यासाठी 'माउंटन मोड' नावाची सोयच दिली होती.

उद्या आपल्याकडे कुणी नियम करायला बसलं, तर त्याला आधी भरल्या टेम्पोतून, बॅटरी दहा टक्क्यांवर असताना, साखरप्यापासून वर नेलं पाहिजे. 'आधी वीज, मग डिझेल' हा नियम मुंबईत बसून अगदी न्याय्य दिसतो. घाटाच्या पायथ्याशी तो जिवावर बेततो. माझ्या वरच्या हिशेबात तीस किलोवॉटचा जनरेटर चालला तो बॅटरीत चार-पाच युनिटं शिल्लक आहेत म्हणून. ती नसतील तर गाडी ताशी पंधरा-वीसने रखडत चढेल आणि मागे एसटीसकट सगळी रांग.

विरोधी बाजू पोकळ नाही. युरोपचा अनुभव सरळसरळ तिच्या बाजूने आहे. प्लग लावून चार्ज होणाऱ्या हायब्रिड मोटारींच्या प्रत्यक्ष इंधनवापराची गाड्यांतच नोंदली गेलेली आकडेवारी युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. कागदावर दाखवलेल्या कार्बनच्या सुमारे साडेतीन पट धूर त्या रस्त्यावर सोडत होत्या. लोक वायर लावतच नव्हते. सवलत विजेची घेतली आणि पेट्रोल जाळलं. हे वाचून पर्यावरणवाले मित्र मला म्हणतात की तू ज्या गाडीची वकिली करतोस ती अशीच फसवी निघणार. त्यात तथ्य आहे, आणि माझाच हिशेब ते दाखवतो. लिटरभर डिझेलात दहा युनिटांच्या आसपास उष्णता. चांगल्या इंजिनातून आणि जनरेटरमधून पार पडून विजेची सव्वातीन-साडेतीन युनिटं हाती लागतात. मग इन्व्हर्टर आणि मोटार आपापला वाटा घेतात. हा टेम्पो आयुष्यात कधीच वायरला लावला नाही तर तो डिझेलच्या टेम्पोइतकंच, कदाचित थोडं जास्तच डिझेल पिईल. निव्वळ जनरेटरवर चालणारी गाडी ही काही हिरवी गाडी नव्हे.

पण युरोपातल्या त्या मोटारींत कंपनीने नोकराला दिलेल्या गाड्या पुष्कळ होत्या, पेट्रोलचं कार्डही कंपनीचं. घरी वायर लावली तर बिल स्वतःचं, पंपावर भरलं तर मालकाचं. कोण लावेल वायर? आपल्याकडचा टेम्पोवाला स्वतःच्या खिशातून डिझेल भरतो आणि लिटरमागे किती किलोमीटर ॲव्हरेज पडलं ते त्याला झोपेतही सांगता येतं. डिझेल नव्वद रुपये धरलं तर जनरेटरचं एक युनिट त्याला सत्तावीस रुपयांच्या आसपास पडतं. पडवीतल्या मीटरचं युनिट त्याहून बरंच स्वस्त पडतं. अशा माणसाला वायर लावायला प्रबोधनाची गरज नाही. प्लग पोहोचेल अशा जागी हवा, एवढंच.

त्यावर विश्वास नसेल तर मीटर आहेच. या गाड्यांच्या संगणकात चार्जरमधून किती युनिटं आली आणि जनरेटरमधून किती, याची वेगवेगळी नोंद राहू शकते; युरोपची ती साडेतीन पट चोरी पकडली गेली ती अशाच नोंदीतून. तेव्हा अनुदान गाडी विकत घेताना एकरकमी देऊ नका. दरवर्षी पासिंगच्या वेळी चार्जरची युनिटं वाचा आणि त्यावर पैसे द्या. ज्याने वर्षभर वायर लावली त्याला मिळेल, ज्याने नुसता जनरेटर जाळला त्याला नाही. यात कुणाच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घ्यावी लागत नाही.

आज कागदावर काय आहे? जीएसटीत विजेच्या वाहनाला ५ टक्के कर आहे. मालवाहू गाड्यांना सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के, त्याआधी २८ होता. विजेचं वाहन म्हणजे काय, तर जे केवळ बाहेरून घेतलेल्या किंवा गाडीतल्या बॅटरीतल्या विजेवर चालतं ते. 'केवळ' हा शब्द जनरेटरला बाहेर ठेवतो. चाकं शंभर टक्के विजेवर फिरोत, वर्षातले दहा महिने ती वीज पडवीतल्या मीटरची असो, सवलतीच्या दारात ही गाडी डिझेलच्या रांगेत उभी. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत २०२५ मध्ये साडेतीन टनांवरच्या विजेच्या ट्रकांसाठी कमाल ९ लाख ६० हजार रुपयांपर्यंत प्रोत्साहन जाहीर झालं, तेही निव्वळ बॅटरीच्या ट्रकांना, आणि जुना ट्रक भंगारात काढण्याच्या अटीवर. बंदराच्या आवारात चकरा मारणाऱ्या गाड्यांना ते बरोबर आहे. न्हावा-शेव्याला कंटेनर यार्डातून धक्क्यावर नेणाऱ्या ट्रकाला जनरेटर कशाला हवा? त्याच्या वाटेत घाट नाही आणि चार्जर नजरेच्या टप्प्यात आहे. तोही कोकणच आहे, पण देवगडच्या बागेतून निघालेला टेम्पो आणि तो ट्रक यांना एकच फूटपट्टी लावली की एक बसतो, दुसरा डिझेलवरच राहतो. आणि दुसऱ्यांची संख्या मोठी.

माझी सूचना पूर्ण सवलतीची नाही. बॅटरीवर, मालासकट, किमान शंभर किलोमीटर जाईल अशीच गाडी यात धरा. त्याखालची धरली की कंपन्या नावाला चिमूटभर बॅटरी घालून मोकळ्या होतील. जनरेटरची ताकद मोटारीच्या निम्म्याहून जास्त नको. बॅटरी राखून ठेवायचं बटण सक्तीचं. आणि कर पाच नको असेल तर बारा घ्या, पण अठराच्या रांगेतून बाहेर काढा.

बॅटऱ्या स्वस्त होताहेत, मग पाच-सात वर्षांत हे इंजिन भंगारच होणार, असाही एक आक्षेप आहे. शक्य आहे. म्हणूनच मला जनरेटर गाडीला कायमचा नको आहे. तो काढता-घालता यावा. शिमग्याला बसवा, आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, उतरवा. लग्नाला, नमनाला, गणपतीला आपण जनरेटर भाड्यानेच आणतो; गावोगावच्या मंडपवाल्यांकडे तो धंदा पिढीजात आहे. चार बोल्ट, एक जाडजूड प्लग, आणि हंगामाचं भाडं, अशी मांडणी कंपनीने कारखान्यातूनच दिली तर टेम्पोवाल्याला दहा-बारा पेट्यांचं वजन वर्षभर अडवून ठेवावं लागणार नाही, आणि बॅटरी स्वस्त झाली की जनरेटर परत द्यायचा. इथे एक सांगून ठेवतो, कारण आपल्याकडे डोकेबाज लोक कमी नाहीत: हौद्यात मंडपाचा जनरेटर ठेवून चालत्या गाडीला चार्जिंगची वायर जोडायची, असला उद्योग कुणी करू नये. या बॅटरीत शेकडो व्होल्टचा दाब असतो, आणि बंद हौद्यात साठलेला धूर माणूस मारतो.

काढता-घालता जनरेटर हवा याला समुद्राकाठचं आणखी एक कारण आहे. महिनोन्‌महिने पडून राहिलेलं इंधन नासतं. आता पंपावरच्या पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. आपल्या पावसाळ्यातल्या हवेत मिठाच्या बरणीचं जे होतं तेच हळूहळू त्या टाकीचं. डिझेलात पाणी उतरलं की शेवाळासारखा चिकट गाळ धरतो, हे होडीवाल्यांना सांगायला नको. शेव्हरोले व्होल्टच्या अभियंत्यांनी यावर तोड काढली होती: इंजिन दीड महिना वापरलं नाही तर गाडी ते आपणहून थोडा वेळ चालवायची, आणि टाकीतलं पेट्रोल वर्षाचं झालं की जाळून संपवायची. थंड मिशिगनमध्ये ठरवलेला हा वेळ. दापोलीच्या श्रावणात तो निम्म्याने कमी करावा लागेल. त्यापेक्षा टाकी रिकामी करून जनरेटर कोरड्या वखारीत ठेवलेला बरा.

पण पावसाळ्यात तो उतरवू नये असंही मन सांगतं, ते एका आठवणीमुळे. ३ जून २०२०. निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत आलं आणि मंडणगड-दापोलीपर्यंत माड, पोफळी, विजेचे खांब सगळं आडवं करून गेलं. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. विहिरीत पाणी आणि पंपाला वीज नाही, खिशात मोबाईल आणि चार्जिंग नाही. जनरेटर घेऊन टेम्पो गावोगाव फिरायचे आणि टाकी भरून द्यायचे, मोबाईल चार्ज करून द्यायचे. माणसं रांग लावायची. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली. ज्या टेम्पोत साठ युनिटांची बॅटरी आणि तीस किलोवॉटचा जनरेटर आहे तो उभ्या-उभ्या एका वाडीचे पंप, आरोग्य उपकेंद्राचा लसींचा फ्रिज आणि मोबाईलचा टॉवर चालवू शकतो, आणि रात्रीचा जनरेटर बंद ठेवून आवाज न करता. निव्वळ बॅटरीचा ट्रकही हे एक-दोन रात्री करेल. तिसऱ्या दिवशी त्याला स्वतःला चार्जिंग लागेल, आणि चार्जरच्या खांबाची लाईटही गेलेलीच असणार. अनुदान देताना तालुक्याला अशा पाच-दहा गाड्या आपत्तीच्या यादीत नोंदवून घेण्याची अट घाला. बाहेर विजेचा सॉकेट असलाच पाहिजे हेही त्यात लिहा.

लांब पल्ल्याचं खरं उत्तर रूळ आहे, हे मला मान्य आहे. भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून कोलाड ते वेर्णा नेण्याची रोरो सेवा कोकण रेल्वेने १९९९ मध्येच सुरू केली, आणि आता तर ती गाडी वरच्या तारेतल्या विजेवर धावते. त्याहून स्वच्छ काय असणार? पण बागेपासून स्टेशनापर्यंत आणि मिरकरवाड्याच्या धक्क्यापासून कोल्हापूरच्या मंडईपर्यंत रूळ नाहीत. एकेरी रुळावर प्रवासी गाड्यांनाच वाट मिळताना मारामार; त्यात हंगामाची गर्दी नेमकी उन्हाळ्याच्या सुट्टीतच. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय आणि महामार्गाचे चार्जर त्या रस्त्याच्याच कडेला लागायचे आहेत. रस्ता ज्या गतीने झाला त्या गतीने चार्जर झाले तर आजच्या कलमांना तोवर ढोल्या पडतील.

दुरुस्तीला माणसं कुठून आणणार, असं मला एका सभेत विचारलं गेलं. निम्मी माणसं धक्क्यावर आहेत. ट्रॉलरचं डिझेल, त्याला जोडलेला डायनामो, खाऱ्या वाऱ्याने हिरवे पडणारे तांब्याचे जोड, हे रोज हाताळणारे मेकॅनिक हर्णैपासून मालवणपर्यंत प्रत्येक बंदरात सापडतात, आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा त्यांच्या हाताला कामही कमी असतं. उरलेलं निम्मं म्हणजे उच्च दाबाची बॅटरी. तिच्यासाठी रबरी हातमोजे, वेगळी हत्यारं आणि आयटीआयमध्ये एका सत्राचं शिक्षण लागेल. त्या दोन बंदीच्या महिन्यांत हा वर्ग लावता येईल.